एकेचाळीस पुस्तकांतलं पहिलं

...आणि म्हणे जाडीवर लावा! नाही, तुम्हीच सांगा, पुस्तकं काय बटाटे आहेत? बारीक एकीकडे, मोठे एकीकडे? तुम्हाला सांगतो, या घरात, या गल्लीत, या अख्ख्या कोचकोरमध्ये एका माणसाने माझ्या पुस्तकांचं एक पान उलटलेलं नाही, पण आधी कुठलं वाचायचं ते मात्र प्रत्येकाला ठाऊक! दूधवालीला ठाऊक! मेंढ्या तपासायला येतो त्या डॉक्टरला ठाऊक! तो मेंढीच्या तोंडात हात घालून मला सांगतो, "ताबिल्दी आके, आधी विनोदी वाचा, पचायला हलकं असतं." आके म्हणजे दादा; दादा म्हणायचं आणि वर शिकवायचं! अरे, तू तिचे दात बघ ना! मी आलो होतो का तुला सांगायला, आधी कुठला दात बघ म्हणून? मी सगळ्यांना एकच सांगितलं. पुस्तकं माझी, डोळे माझे, क्रम मी ठरवणार!

आता तुम्ही म्हणाल, या ड्रायव्हरकडे एकेचाळीस पुस्तकं आली कुठून. सांगतो की. एकतीस वर्षं मी जिल्ह्याच्या फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली. उन्हाळ्यात कळप वर कुरणांवर चढले की त्यांच्या मागोमाग मी. या खिंडीतून त्या खिंडीत, या तंबूवरून त्या तंबूवर, मागे पुस्तकं आणि पुस्तकांमध्ये आमच्या ग्रंथपाल नुरिया एजे, म्हणजे नुरियाताई, मांडीवर नोंदवही घेऊन, प्रत्येक खड्ड्याला माझ्या नावाने बोटं मोडत. एकतीस वर्षं! आणि किती वाचली मी? एकही नाही! हसू नका. चालवताना वाचता येत नाही, आणि थांबलं की नुरिया एजे ओरडायच्या, "ताबिल्दी, हात लावू नकोस, तुझ्या हाताला ग्रीस आहे, पुस्तकं लोकांची आहेत!" हिवाळ्यात म्हणाल तर गाडी शेडमध्ये आणि मी गाडीखाली.

बरं, नुसतं वाचलं नाही एवढंच असतं तरी चाललं असतं हो! पण आमचे मेंढपाळ... पुस्तक परत करायला आले की माझ्या खिडकीशी उभे राहणार, आणि काय सांगणार? शेवट! "ताबिल्दी, तुला सांगतो, शेवटी तो घोडा परत येतो." "ताबिल्दी, खून काकाने केला रे!" "ताबिल्दी, दोघं मरतात, आधी ती, मग तो." अरे बाबांनो, कोण ती, कोण तो? मला सुरुवात तर कळू द्या! पण त्यांना घाई, मागे कळप पसरलेला. म्हणजे माझी अवस्था काय झाली, तर कोचकोरमध्ये सगळ्यात जास्त पुस्तकांचे शेवट मला पाठ, आणि सुरुवात एकाचीही माहीत नाही. लग्नाला न जाता नुसती भांडी घासायला जावं, तसं.

मग ग्रंथालयाची गाडी भंगारात निघाली, मीही निवृत्त झालो, आणि गाडीत राहिलेली पुस्तकं कुणालाच नको होती. मी विचारलं, नेऊ का? साहेब म्हणाले, ने बाबा, जागा मोकळी कर. आणली! घरी आणली, आणि खोलीत दारासमोरच्या मानाच्या जागी, पेटीवर, जिथे आमच्याकडे गोधड्यांची चळत रचतात, तिथे रचली. गोधड्या? गोधड्या उतरवल्या खाली. माझ्या बायकोच्या माहेरच्या गोधड्या! बावीस! आता तुम्हाला कळलं असेल भांडण कुठून सुरू झालं ते.

अनारकान, म्हणजे माझी बायको, स्वभावाने वाईट नाही. पण तिने पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवले. "अहो, एकेक वाचा आणि एकेक हलवा. आधी बारीक वाचा, म्हणजे ढीग लवकर उतरेल." मी म्हटलं, बारीक काढल्याने ढीग उतरत नाही, जाड काढल्याने उतरतो, हिशोब तरी नीट कर! तर म्हणाली, "मग आधी जाड वाचा." बघा! तिला वाचण्याशी देणंघेणं नाही, गोधड्यांशी आहे. आणि त्याच दिवशी, माझ्या देखत, ढिगातलं एक पुस्तक उचलून तिने चहाच्या बंबाच्या, सामोवारच्या, तिवईच्या पायाखाली सरकवलं. तिवईचा एक पाय आखूड आहे, सामोवार डुगडुगतो, म्हणून! मी ओरडलो. ती म्हणाली, "एकेचाळीस आहेत ना? यातलं एक आधी कामाला लागू दे."

मी ते तसंच राहू दिलं. का? कारण मला मुळात भांडायला वेळ नव्हता हो. इथे जरा थांबून ऐका, हे थट्टेचं नाही. गेल्या शरदात मी बिश्केकला डोळे दाखवले. डाव्या डोळ्याचा मागचा पडदा गेलाय. समोर धरलेला हात दिसतो, बोटं मोजता येत नाहीत. आणि उजवा? डॉक्टरीणबाई तरुण होती, फार हळू बोलली. "आके, दोन हिवाळे, कदाचित तीन. पुढचं सांगता येत नाही." मी घरी आलो, उजव्या डोळ्याने वाचून बघितलं. दिवसाला दहा पानं होतात, अकरावं पान विरघळायला लागतं. उन्हाळ्यात मेंढ्यांमागे वाचायला वेळ कुठला, म्हणजे तीन हिवाळ्यांत बारा पुस्तकं, फार तर तेरा. बाकीची राहणार! कायमची राहणार! म्हणून तर क्रम, लोकहो! मला काय हौस आहे का रांगा लावायची? ज्याला सगळी वाचायला मिळणारेत त्याने डोळे मिटून कुठलंही उचलावं. मला भीती वाटते. एक चुकीचं पुस्तक आधी घेतलं, तर एक बरोबर पुस्तक आयुष्यातून गेलं. म्हणून पुस्तकं माझी, डोळे माझे, क्रम मी ठरवणार!

पण ठरवू देतील तर ना! नुरिया एजे आल्या. निवृत्त झाल्या तरी नोंदवही काखेत आहेच. चष्मा नाकावर ओढून ढिगाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "क्रम कसला ठरवतोस? पाठीवर आकडे आहेत ना? आकड्याप्रमाणे वाच!" मी आकड्याप्रमाणे लावून बघितलं. पहिलं काय आलं? मधमाश्यांचे पोटाचे विकार. दुसरं? मधमाश्यांचे इतर विकार! म्हणजे माझा एक अख्खा हिवाळा, माझ्या तीनपैकी एक, मधमाशीच्या पोटात जाणार! मी म्हटलं, "एजे, माझ्याकडे मधमाशा नाहीत." तर म्हणतात, "वाचल्यावर पाळाव्याशा वाटतील."

मग आले एसेनकुल आके. हे अनारकानचे थोरले भाऊ. थोरले म्हणजे काय, ते दारातून आत आले की सामोवारसुद्धा उभा राहिल्यासारखा वाटतो. आकेंचं सगळं आयुष्य वडीलधाऱ्यांच्या क्रमावर चालतं. मेंढी कापली की कुठला तुकडा कोणाच्या ताटात, कुणाआधी कोण, हे अख्ख्या कोचकोरमध्ये त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांनी पुस्तकांकडे पाहिलं, मिशी चोळली, "यात सोप्पं आहे. वयाने सगळ्यात मोठं कोण?" मी म्हटलं, "आके, पुस्तकं आहेत ती." "असू देत! छापून किती वर्षं झाली ते बघ. म्हाताऱ्याला आधी मान, मग बाकीच्यांना. तरण्या पुस्तकाने म्हाताऱ्याच्या आधी बसायचं म्हणजे घराला काही रीत आहे की नाही?" आणि सगळ्यात म्हातारं कुठलं निघालं माहितीये? ट्रॅक्टरदुरुस्तीचं! आणि तो ट्रॅक्टर माझ्या जन्माआधी बनायचा बंद झालाय!

बरं, आता तुम्हाला माझा क्रम सांगतो. बायकोला नाही सांगितला, तुम्हाला सांगतो. माझ्या ढिगात एक मोठी कादंबरी आहे, मिठागरात काम करणाऱ्या एका घराण्याची, तीन भागांतली. पहिला भाग आहे, दुसराही ढिगात कुठेतरी असणार. तिसरा नाही. तिसरा सव्वीस वर्षांपूर्वी सोन-कुलच्या कुरणावर तुर्सुनाय नावाच्या एका मेंढपाळ बाईने नेला तो परत केलाच नाही. म्हणजे परत करायला आली होती हो! खिडकीशी आली, पुस्तक छातीशी धरलेलं, आणि ढसाढसा रडायला लागली. मला वाटलं मेंढ्या नेल्या लांडग्याने. तर म्हणते, "ती परत जाते रे, ताबिल्दी. म्हातारपणी. मिठागरात कुणी उरलेलं नसतं, तरी ती परत जाते." मी आपला नेहमीसारखा, "पण कोण ती?" तर ती डोळे पुसत म्हणाली, "तू पहिल्यापासून वाच. मग तुला कळेल मी का रडले." आणि पुस्तक घेऊनच निघून गेली. नुरिया एजेंनी नोंदवहीत लाल रेघ मारली. मी मात्र सव्वीस वर्षं ती बाई का रडली याचाच विचार करतोय. तेव्हा माझ्या क्रमात पहिलं कुठलं? मिठागराचा भाग पहिला! आणि त्याच्या मागे ती सगळी, ज्यांचे शेवट सांगताना लोक रडले, मग ज्यांचे सांगताना हसले, आणि सगळ्यात मागे मधमाशा. आणि हा क्रम मी लपूनछपून नाही, छाती ठोकून जाहीर करणार होतो. सगळ्यांना बोलवायचं, मेंढी कापायची, पोटभर जेवू घालायचं, आणि भरल्या पोटी सांगायचं: हा क्रम, आता यापुढे कुणी माझं डोकं खायचं नाही!

बोलावलं. आठ जण आले. मानाच्या जागी बुबुश आपा, माझ्या आईची मावसबहीण, वय चौऱ्याऐंशी, गावातली सगळ्यात वडील बाई. मग एसेनकुल आके, नुरिया एजे, मेंढ्यांचा डॉक्टर आणि त्याची बायको, शेजारचे तिघे. जेवण झकास झालं. आकेंनी मांस वाटलं, वयाप्रमाणे, मानाप्रमाणे, एक तुकडा इकडचा तिकडे नाही. मग हाडं उचलली, रस्सा झाला, चहा सुरू झाला, आणि मी उठलो. पुस्तकं उचलून आणली आणि सगळ्यांना दिसावीत म्हणून, बघा हं, सगळ्यांना नीट दिसावीत म्हणून... दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर मांडली. एका रांगेत, आपांपासून दारापर्यंत, माझ्या क्रमाने.

आता तुमच्यातले जे आमच्याकडे जेवून गेलेत ते आत्ताच हसताहेत. हसा! तुम्हाला माहितीये ना? दस्तरखानावर जे मांडलं ते पाहुण्याचं. जे उरलं ते पिशवीत घालून पाहुण्याबरोबर जातं. मांस असो, तळलेले बोरसोक असोत, मुठीएवढं साखरेचं ढेकूळ असो. आजोबांच्या काळापासून असंच. मी त्रेसष्ट वर्षं या गावात जगलो, हजार दस्तरखान बघितले, आणि मी, मी स्वतःच्या हाताने, एकेचाळीसातली चाळीस पुस्तकं...

अनारकान म्हणते, "मी खुणावत होते तुम्हाला! डोळे मोठे केले, मान हलवली, डोक्यावरचा रुमाल ओढला!" कुठल्या बाजूला बसून? डाव्या! अगं, डावा डोळा गेलाय माझा, उजवीकडे बसायचं ना!

तर मी घसा साफ केला. भाषण तयार होतं, पाठ केलं होतं. "वडीलधारी मंडळी," मी म्हटलं, "आज मी तुमच्यासमोर ही पुस्तकं..." आणि बघतो तर बुबुश आपांच्या डोळ्यांत पाणी. "बघा गं," त्या म्हणाल्या, "मांस तर सगळेच देतात. या पोराने जन्मभर गावोगाव पुस्तकं वाटली, आणि घरी बसला तरी हात आखडला नाही." मी म्हटलं, "आपा, तसं नाही, मी..." आणि त्यांनी दोन्ही तळवे वर केले. आशीर्वादाला! आपांचे तळवे वर गेल्यावर कोचकोरमध्ये कोणी बोलत नाही. कुत्रं भुंकत नाही. मीही तळवे पुढे केले. त्यांनी माझ्यासाठी मागितलं, काय काय मागितलं! लांब आयुष्य, भरलेलं घर, आणि डोळ्यांना उजेड. डोळ्यांना उजेड म्हटल्यावर काय करणार, मीही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. ओमीन! झालं. आता ती पुस्तकं माझी नाहीत.

आणि वाटणार कोण? एसेनकुल आके! बाह्या सरसावल्या, पुस्तकांकडे मेंढीकडे बघावं तसं बघितलं, "सगळ्यात मोठ्या कोण? आपा. पहिला मान आपांना." आणि रांगेतलं पहिलं पुस्तक, मिठागराचा भाग पहिला, माझी सव्वीस वर्षं, उचलून आपांच्या मांडीवर! अहो, मी दुसऱ्या कुठल्याही क्रमाने मांडली असती तर मधमाशा गेल्या असत्या आपांच्या घरी! पण नाही, क्रम मी ठरवला होता ना! प्रत्येकी पाच. वयाप्रमाणे. डॉक्टरच्या बायकोला शेवटची पाच, मधमाशा धरून. आणि पिशव्या कोणी आणून दिल्या? अनारकानने! सवयीने! हातोहात! मी बघितलं तिच्याकडे, तर म्हणते, "मग काय पुस्तकं हातात घेऊन जातील? बाहेर बर्फ आहे."

चौथ्या दिवशी मी आपांकडे गेलो. भांडायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. ठरवून गेलो होतो, की सांगायचं, आपा, चूक झाली, तेवढं एक परत द्या. तर आपा खिडकीत उन्हात बसलेल्या, पुस्तक उशीवर, आणि बोट ओळीवर ठेवून एकेक शब्द, ओठ हलवत. मला बघून म्हणाल्या, "अरे ताबिल्दी, ही मिठागरातली पोरगी काय जिद्दीची आहे रे! बापाने हाकलली तरी जात नाही!" मी विचारलं, "किती झालं वाचून?" "चार पानं. रोज एक वाचते. घाई कशाला?" मी पुस्तकाची जाडी बघितली. आपांचं वय बघितलं. माझा उजवा डोळा आठवला. आणि आपा म्हणतात, "तू डोळ्यांना त्रास देऊ नकोस हां बाळा. वाचून झालं की मी तुला शेवट सांगेन." शेवट! अहो, शेवट तेवढाच तर आहे माझ्याकडे!

नाही मागितलं मी. खरं सांगू? हेवा वाटला मला त्या बोटाचा. आणि बरंही वाटलं. पुस्तक चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात आणि तिला घाई नाही, हे बघून आत कुठेतरी फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून परत इतका राग आला, की घरी येईपर्यंत वाटेतल्या तीन कुंपणांना लाथा घातल्या.

आणि आता फोन सुरू झालेत. आकेंचा आला. "ताबिल्दी, तुला सांगतो, शेवटी तो कप्तान बुडतो." ठेवला. डॉक्टरच्या बायकोचा आला, "आके, मधमाशा पाळायच्या म्हणतेय!" नुरिया एजेंनी तर नवी नोंदवही उघडली आहे, कोणाकडे काय गेलं, कधी परत यायचं. परत आल्यावर मला मिळेल का, विचारलं. म्हणाल्या, "तुझ्या आधी अकरा जणांनी नाव दिलंय. क्रमाने मिळेल."

गोधड्या परत पेटीवर गेल्या. बावीसच्या बावीस. मी समोर बसलो होतो, रिकामा, त्या गोधड्यांकडे बघत. अनारकानला दया आली असावी. म्हणाली, "अहो, चाळीस गेली. एकेचाळीस होती ना?" मी वळून बघितलं. सामोवारच्या तिवईखाली! ते दस्तरखानावर नव्हतंच, ते खाली होतं, मग त्याला रीत लागूच होत नाही! गुडघ्यावर बसलो, मान वाकडी केली, उजवा डोळा जमिनीला टेकवला आणि पाठीवरचं नाव वाचलं. मिठागर. भाग दुसरा. सुरुवात आपांकडे, शेवट सोन-कुलवर, मधलं माझ्याकडे! चालेल! मला चालेल! रडायचं कारण मध्येच कुठेतरी असणार, माणसं काय शेवटच्या पानावर एकदम रडतात? आता पुस्तक एकच, माझं, डोळा एकच, माझा, आणि क्रम ठरवायला कोणाचा बाप मध्ये येत नाही! मी हात घातला, ओढणार, एवढ्यात वरून आवाज.

"अहो! सामोवार पेटवलाय, आता काढू नका, सांडेल! आधी चहा होऊ दे, मग वाचा."

तर मंडळी, बसलोय. पाणी उकळायची वाट बघत.